मदत हवी आहे: बेड्या पडल्यानंतरच्या मारहाणीवर निवाडा

मंडळी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ अटकेला प्रतिकार करणाऱ्याला पकडण्यासाठी आवश्यक ती सर्व साधनं वापरू देतं. कलम ४६ मात्र बजावतं: पळून जाऊ नये इतपतच बंधन. म्हणजे हातात बेड्या पडल्या, माणूस पालथा पडला, की पुढची लाठी बेकायदाच, असं माझं ठाम मत. पोलिसांचा बचाव ठरलेला, 'झटापटीत पडला'. तो टिकतो, कारण कलम ५३ च्या वैद्यकीय तपासणीत बऱ्याचदा 'खरचटलं' एवढंच लिहितात. जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग, अंदाजे वेळ गाळतात. तळपायावर समांतर वळ काही खाली पडल्यानं उठत नाहीत!

बेड्यांनंतरचं बळ वेगळं धरणारा मुंबई उच्च न्यायालयाचा निवाडा कुणाला माहीत आहे का? आणि पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपण्यासाठी अर्ज आधी ठाणे अंमलदाराकडे द्यावा की थेट दंडाधिकाऱ्यांकडे?