मदत हवी आहे: जॅझचे बॉक्स सेट कोणत्या क्रमाने ऐकावेत, आणि एकाच रेकॉर्डची एक बाजू चढी का वाजते?

नमस्कार.

माझे मामा व्यापारी जहाजावर अभियंता होते. प्रत्येक फेरीवरून परतताना ते जॅझच्या रेकॉर्डी, आणि पुढे सीडींचे बॉक्स सेट, टॉवेलांत गुंडाळून ट्रंकेतून आणत असत. निवृत्तीनंतर नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या घरातली एक अख्खी खोली त्यांनी या संग्रहाला देऊन टाकली होती. गेल्या पावसाळ्यात ते गेले. ‘भंगारवाल्याला द्यायला मन धजत नाही, तूच घेऊन जा,’ असे मामी म्हणाल्या, आणि अकरा बॉक्स सेट, साठ-पासष्ट एलपी, पट्ट्यावर चालणारा एक टर्नटेबल आणि मामांच्या बारीक अक्षरातली दोनशे पानी वही इंदिरानगरातल्या माझ्या दोन खोल्यांच्या घरात येऊन दाखल झाली.

मी साथीला पेटी वाजवतो आणि ख्याल ऐकत वाढलो आहे. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतून गोव्याच्या वादकांनी हळूच आणून सोडले होते, तेवढेच जॅझ माझ्या कानावर होते. तेव्हा माझे प्रश्न बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्यावे.

पहिली अडचण ऐकण्याच्या क्रमाची आहे. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या १९४४ ते १९४८ या काळातल्या ध्वनिमुद्रणांचा आठ सीडींचा संच मोठ्या उत्साहाने लावला. २६ नोव्हेंबर १९४५ च्या बैठकीपाशी आलो, तर ‘बिलीज बाउन्स’ ही एकच चीज लागोपाठ पाच वेळा वाजली. काही टेक, म्हणजे त्याच चिजेचे ध्वनिमुद्रणाचे प्रयत्न, तर मध्येच तुटतात. तिसऱ्या वेळेनंतर माझे लक्ष उडाले, आणि पाचवा टेक संपला तेव्हा मी भाजी निवडत होतो. मामा हे सगळे एका बैठकीत ऐकत असतील यावर माझा विश्वास बसत नाही. मग असे संच काढणाऱ्यांची अपेक्षा तरी काय असते?

दुसरी अडचण लुई आर्मस्ट्राँगची आहे. त्यांच्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या वाद्यवृंदांची १९२५ ते १९२८ मधली ध्वनिमुद्रणे मामांकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संचांत आहेत. एका संचात पार्श्वभूमी स्वच्छ आहे, परंतु ट्रम्पेट शेजारच्या बंद खोलीतून यावा तसा येतो. दुसऱ्यात कांदा तळताना होतो तशी अखंड चुरचुर आहे, मात्र ट्रम्पेट समोर उभा राहतो. वहीत मामांनी दुसऱ्या संचापुढे दोन चांदण्या काढल्या आहेत आणि कारण लिहिलेले नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त छळते आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम मामांकडे जुन्या एलपीवरही आहे आणि बऱ्याच नंतर निघालेल्या सीडीवरही. पहिली चीज ‘सो व्हॉट’ मला काफी थाटाच्या स्वरांमुळे लगेच आपलीशी वाटली. सीडीबरोबर पेटी धरली की ती नेमकी पांढरी दोनवर बसते, आणि मधल्या आठ मात्रागटांत सगळा डोलारा अर्ध्या स्वराने वर, म्हणजे काळी दोनवर सरकतो. तीच चीज एलपीवर लावली, तर ती पांढरी दोनच्या वर आणि काळी दोनच्या खाली अशी अधांतरी वाजते, पेटीच्या कुठल्याच पट्टीशी जुळत नाही. टर्नटेबल वेगाने फिरत असावा असे समजून मी पट्टा बदलून घेतला. दुरुस्त करणाऱ्याने मोटरही बदलायला लावली आणि त्याचे पैसे मोजून घेतले. तरीही फरक तसाच आहे. आणि गंमत अशी की त्याच एलपीची दुसरी बाजू सीडीशी तंतोतंत जुळते! एकाच तबकडीची एक बाजू चढी आणि दुसरी सुरात, हे कसे शक्य आहे?

चौथा प्रश्न वहीतला आहे. मामांनी वाद्यवृंदाचे प्रमुख ड्यूक एलिंग्टन यांच्या ध्वनिमुद्रणांची वर्षवार नोंद केली आहे. १९४० आणि १९४१ ची पाने गच्च भरली आहेत, १९४२ चे पान जुलैनंतर कोरे आहे, आणि १९४३ समोर केवळ एक मोठे प्रश्नचिन्ह आहे. त्या वर्षी काय घडले होते?

शेवटचा प्रश्न जपणुकीचा आहे. जुन्या जाड डब्यांतल्या सीडींवर फोमची जी चकती ठेवलेली असते, ती चिकट होऊन दोन सीडींच्या छापील बाजूला डकली आहे. ओल्या कापडाने पुसावी काय?

प्रतिसाद १

आपला टर्नटेबल निर्दोष आहे आणि बहुधा पूर्वीही होता. मोटरचे पैसे वाया गेले म्हणायचे.

‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९ साली न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या ३० व्या रस्त्यावरील स्टुडिओत दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल. मार्चच्या बैठकीत ज्या यंत्रावर मूळ टेप उतरत होती, ते किंचित मंद चालत होते. मंद गतीने भरलेली टेप पुढे योग्य गतीने वाजवली की संगीत जलद होते आणि स्वरही चढतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही चिजा त्या दिवसाच्या आहेत, म्हणून ती अख्खी बाजू चढी आहे. दुसरी बाजू एप्रिलमधली आहे, म्हणून ती सुरात आहे. मार्चच्या बैठकीत सुरक्षिततेसाठी दुसऱ्या यंत्रावरही टेप भरली जात होती आणि ते यंत्र योग्य गतीने चालत होते. १९९० च्या दशकात या दुसऱ्या टेपवरून नव्या आवृत्त्या काढल्या गेल्या, तेव्हा दोष दूर झाला. आपली सीडी त्यानंतरची असणार.

म्हणजे तीसहून अधिक वर्षे जगभरचे लोक ही बाजू चढ्या सुरात ऐकत होते. रेकॉर्डबरोबर वाजवून सराव करणाऱ्या कित्येकांनी आपापली वाद्ये त्या चढ्या सुराला लावून घेतली असतील. पेटीवाल्याला मात्र ती सोय नाही, म्हणून दोष आपल्याला सापडला. एलपी टाकून देऊ नका. मामांच्या कानात हीच बाजू बसलेली होती.

प्रतिसाद २

क्रमाबद्दल लिहितो. माझ्या मते बॉक्स सेट दोन जातींचे असतात आणि दोन्हींना एकच नियम लावल्यामुळे आपली दमछाक झाली आहे.

पार्करच्या संचाला मी दप्तरखाना म्हणतो. त्या काळी दहा इंची ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीवर एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. बाजारात एका चिजेचा एक निवडलेला टेक येई आणि लोक तेवढाच ऐकत. पाच टेक सलग ऐकण्याची वेळ १९४५ च्या श्रोत्यावर कधी आलीच नाही. तेव्हा पहिल्या फेरीत पुस्तिकेत ‘मास्टर’ असा शेरा असलेलेच टेक घ्यावेत, आणि तेही एका वेळी सहा-सात, म्हणजे आपल्या आजोबांनी ग्रामोफोनवर तीन-चार तबकड्या ऐकल्या असत्या तितकेच. महिनाभराने उरलेल्यांकडे वळा आणि प्रत्येक फेरीत एकाच वादकावर कान ठेवा. ‘बिलीज बाउन्स’च्या पाच टेकमध्ये ट्रम्पेट वाजवणारा मुलगा तेच माइल्स डेव्हिस आहेत, वय १९. टेकमागून टेक ते कुठे चाचपडतात आणि कुठे सावरतात, हे एकाच रागात नवख्या शिष्याची पाच आवर्तने ऐकावीत तसे कळत जाते. त्याच बैठकीतल्या ‘को-को’चा तुटलेला पहिला टेकही वगळू नका. ही चीज ‘चेरोकी’ या प्रचलित गाण्याच्या स्वरमेळांवर रचलेली आहे. वाजवता वाजवता मंडळी चुकून मूळ गाण्याच्या चालीतच शिरतात आणि तिथेच टेक थांबवला जातो. बंदिश कशावरून घडली याचा इतका उघड पुरावा क्वचितच हाती लागतो.

दुसरी जात प्रत्यक्ष मैफलीच्या संचांची. तिथे मात्र एक सूरही गाळू नये आणि क्रमही बदलू नये. मामांच्या संग्रहात पियानोवादक बिल इव्हान्स यांचा न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधला तीन सीडींचा संच असल्यास आधी तो काढा. २५ जून १९६१, रविवार, दुपार ते रात्र मिळून पाच खेपा. सुरुवातीलाच वीज गेल्यामुळे पहिली चीज मध्येच तुटते, तेही संचात तसेच ठेवले आहे. पेल्यांची किणकिण आणि श्रोत्यांची कुजबुज ऐकू येते. बासवादक स्कॉट लाफारो त्यानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, मोटार अपघातात वारले. त्यामुळे या त्रिकूटाची ही अखेरची ध्वनिमुद्रणे ठरली. मूळ एलपी काढताना चिजांची निवड आणि जुळणी वेगळी केली होती. संचात दिवस जसा गेला तसाच ऐकायला मिळतो.

आर्मस्ट्राँगच्या बाबतीत आपल्या मामांचा कान खरा होता. जुन्या ७८ वरची चुरचुर आणि ट्रम्पेटच्या स्वरातली धातूची धार ध्वनीच्या वरच्या पट्ट्यात एकमेकांत मिसळलेली असते. यंत्राने सरसकट चुरचुर काढली की धारही जाते. चार सीडींच्या ज्या संचावर जॉन आर. टी. डेव्हिस यांचे नाव आहे, तो चांदण्यांचा संच असावा असा माझा अंदाज आहे. या गृहस्थांनी चांगल्या स्थितीतल्या तबकड्या मिळवून खरखर शक्य तेवढी हाताने, एकेक टिकटिक शोधून काढली. पारख करायची असेल तर दोन्ही संचांतला १९२८ चा ‘वेस्ट एंड ब्लूज’ लावा आणि सुरुवातीचा एकट्या ट्रम्पेटचा तुकडा, जेमतेम बारा-तेरा सेकंदांचा, पाठोपाठ ऐका. पुढचे ऐकण्याची गरजच पडणार नाही.

प्रतिसाद ३

प्रश्नचिन्हाचे उत्तर असे: १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता. रेकॉर्ड कंपन्यांनी वादकांसाठी ठरावीक रक्कम द्यावी अशी मागणी होती. एका मोठ्या कंपनीने १९४३ मध्ये तडजोड केली. एलिंग्टन ज्या व्हिक्टर कंपनीसाठी वाजवत, तिने आणि कोलंबियाने नोव्हेंबर १९४४ मध्ये. मधल्या काळातले त्यांचे वादन नभोवाणीच्या आणि मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत सापडते, म्हणून ते स्टुडिओच्या संचांत नसते. बीबॉप ही जॅझची नवी शैली नेमकी याच काळात घडत होती आणि तिचा आरंभ तबकडीवर फारसा उतरलाच नाही, ही हळहळ जॅझवाल्यांना आजही आहे.

फोमविषयी तातडीने: ओले कापड नको आणि नखाने खरवडूही नका. सीडीत परावर्तक थर छापील बाजूच्या अगदी खाली, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. त्यामुळे चकाकत्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा छापील बाजूचा ओरखडा अधिक घातक. जे कोरडे आपसूक सुटेल तेवढेच काढा, सीडी वाजत असेल तर आजच संगणकावर फ्लॅक या आवाजाची प्रत न घटवणाऱ्या स्वरूपात उतरवून घ्या, आणि बाकीच्या सगळ्या डब्यांतले फोम पावसाळ्यापूर्वी काढून फेकून द्या.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ‘वेस्ट एंड ब्लूज’ दोन्ही संचांतून ऐकला. मामी आल्या होत्या. त्यांना काही न सांगता दोन्ही तुकडे लावले, आणि चुरचुरीचा लागताच ‘हा त्यांचा’ असे त्या म्हणाल्या. संचाच्या मागे जॉन डेव्हिस यांचे नाव आहे.

एका चिकट सीडीवरची शेवटची दोन ध्वनिमुद्रणे वाचवता आली नाहीत, बाकी सर्व उतरवली. उरलेल्या नऊ डब्यांतून फोम काढला. तो बोटांना गुळाच्या पाकासारखा लागत होता. ती दोन ध्वनिमुद्रणे भरून काढण्यासाठी तोच संच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून वापरलेला मागवला, तर त्यात सातव्या सीडीच्या जागी तिसरीच दोनदा निघाली, आणि मला हवी होती ती सातवीच. परत पाठवला आहे.

आता एक जोडप्रश्न. बॉक्स सेटांच्या मागे एका कापडी पिशवीत ७८ च्या सहा तबकड्या निघाल्या. त्यांपैकी दोन तबकड्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावल्यास ती विरघळते हे ठाऊक आहे, त्यामुळे शुद्ध पाणी आणि मऊ ब्रश एवढेच वापरणार आहे. परंतु माझा टर्नटेबल ३३ आणि ४५ वरच चालतो, शिवाय ७८ च्या रुंद खाचेला लागणारी जाड सुई माझ्याकडे नाही. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात दोन ठिकाणी विचारले, तिथे चावीच्या ग्रामोफोनच्या पोलादी सुया दाखवतात, आणि त्या या तबकड्यांवर ठेवायची माझी तयारी नाही. नाशिकमध्ये कुणाकडे ७८ गतीचा टर्नटेबल आणि योग्य सुई असल्यास कृपया व्यक्तिगत संदेश पाठवावा. तबकड्या घेऊन मी स्वतः येईन.