झोंबी सिनेमा कमी पैशातच का चावतो?

चादरवाला: १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' परत बघितला. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोकडं सव्वा लाख डॉलरही नव्हते. एक शेतघर, आत सात माणसं, बाहेर मेलेले. बाहेरच्यांची भीती थोडीच वाटते. तळघरात लपायचं की वर थांबायचं, यावरून आतले भांडतात तिथं घाम फुटतो. पैसा असता तर रणगाडे आले असते आणि भांडण राहून गेलं असतं.

होटगीरोड: काय बे, दर वेळी तोच सिनेमा! असल्याच बजेटचे कचऱ्यात गेलेले किती, ते कोण मोजणार? यूट्यूब उघड. तोंडाला पावडर फासलेली चार पोरं शेतात वाकडी चालतात, आणि संवादापेक्षा वारा जास्त ऐकू येतो. चित्र खराब असलं तर चालवून घेईन, आवाज नाही. गरिबीचं कौतुक पुरे.

चादरवाला: तो आळस बे, गरिबी नाही. जपानचा 'वन कट ऑफ द डेड' (२०१७) बघ, खर्च ३० लाख येन. पहिली ३७ मिनिटं एकच शॉट, तीही इतकी गबाळी की तू बंदच करशील. गबाळी का, ते पुढं कळतं. जास्त सांगत नाही.

गड्डाफॅन: '२८ डेज लेटर'वाल्यांना रिकामं लंडन दाखवायला भल्या पहाटे वाहनं अडवावी लागली. आपल्या सोलापुरात मे महिन्यात दुपारी दोनला सात रस्ता चौकात कॅमेरा लावा. अडवायला असतंय कोण?

होटगीरोड: ४४ डिग्रीत मेकअप टिकेल का? झोंबीच आधी रसवंतीवर पळतील. आणि रक्ताचं काय? रोमेरोचं चॉकलेट सिरप खपलं, कारण सिनेमा कृष्णधवल होता.

नवीपेठवाली: 'झोंबिवली' (२०२२) बघून मी हसले भरपूर, घाबरले नाही. रोमेरोच्या सिनेमात मला आवडतं ते फळ्या ठोकणं. नायक बेन टेबल मोडतो, फळी उचलतो, खिळा शोधतो, ठोकतो, परत दुसरी खिडकी. मोठ्या सिनेमात हे दोन सेकंदांत उरकतात. इथं आपणही त्याच्याबरोबर खिडक्या मोजायला लागतो. आपल्याकडं तर नळाला रोज पाणी नाही. झोंबी दारात असताना टाकी भरायला बाहेर कोण जाणार, यावरूनच घरात वाजेल. लिहा कोणीतरी, तिकीट मी काढते.

होटगीरोड: लिहा की. पण आधी धड माइक भाड्यानं आणा, मग बोलू.