अन्ननलिकेत गाठ निघाली, डॉक्टरनं तुकडाच काढला नाही

परभणीकर_पोरगं:
वडील ५२ वर्षाचे. चार-पाच महिन्यापासून ज्वारीची भाकर छातीत अटकायलीय, वरून पाणी प्यावं लागतंय, कालवणात कुस्करली की मग जाती. दुर्बीण केली तर अन्ननलिकेत खाली ३ सेंटिमीटरचा फुगवटा, वरचं अस्तर गुळगुळीत. डॉक्टर म्हणले लियोमायोमा वाटायलाय, साधी गाठ हाय, बायोप्सी नको, संभाजीनगरला जाऊन ईयूएस करा. आता मामा म्हणायलेत तुकडा न तपासता साधी कशी, डॉक्टरच बदला. काय करावं?

सर्जरीवाला_लातूर:
डॉक्टर बदलू नका राव, बरोबर केलंय त्यांनी. ही गाठ अस्तराची नसती, आतल्या स्नायूची असती. गोधडीत कापसाचा गोळा झाला तर वरच्या कापडाचा तुकडा कापून काय कळणार? चिमट्यात नुसतं अस्तर येतं, आन वरून तिथं व्रण पडून अस्तर गाठीला चिकटतं, मग ऑपरेशनला गाठ सोडवताना अन्ननलिकेला भोक पडायची भीती. अस्तरावर जखम दिसली असती तर त्यांनीच तुकडा घेतला असता. ईयूएसमध्ये दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असती, गाठ कोणत्या थरातली ते दिसतं. लियोमायोमाचा कॅन्सर होणं फारच क्वचित, पण जिस्ट नावाची गाठ दिसायला तशीच आन ती कॅन्सरची निघू शकती, तेवढ्यासाठी ही तपासणी टाळू नका.

भूम_परांडा:
आमच्या मावशीची ६ सेंटिमीटरची होती, छातीला छोटी भोकं पाडून दुर्बिणीनं काढली, शेंगेतून दाणा काढावा तशी, अन्ननलिका कापली नाही. आठवडाभर पातळच खाणं.

गावठी_उपाय:
काढा घ्या, विरघळती.

सर्जरीवाला_लातूर:
स्नायूची गाठ काढ्यानं विरघळत नसती भाऊ. लहान असून त्रास नसला तर नुसतं लक्ष ठेवतेत, वर्षा-दोन वर्षानं ईयूएस. पण यांची भाकर अटकायलीय, म्हणजे बहुतेक काढायला सांगतील. काही ठिकाणी अस्तराखालून बोगदा करून तोंडातल्या दुर्बिणीनंच काढतेत, बाहेर टाका नाही, पण तो हात बसलेला डॉक्टर पायजे. ॲसिडिटीचंबी विचारा, कधी गाठ बघत बसतो आन जळजळ वेगळ्याच कारणाची असती.

परभणीकर_पोरगं:
मामाला गोधडीचं सांगितलं, लगेच पटलं. सोमवारी पहाटेच्या गाडीनं निघायलोत, उपाशीपोटी यायला सांगितलंय. वडील म्हणायलेत आदल्या रात्री तरी भाकर दे 🙏