‘अडथळा’ नेमका कोणाचा? (बेसबॉलचे मराठी शब्द)

फोंडा : शाळेच्या मुलांसाठी बेसबॉलचे नियम मराठीत उतरवायचे आहेत. ‘ऑब्स्ट्रक्शन’ आणि ‘इंटरफेरन्स’, दोन्हींना ‘अडथळा’ म्हटलं तर?

म्हापसा : नको बाब, निकाल उलटा लागेल. चेंडू हातात नाही, चेंडू अडवतही नाही, तरी क्षेत्ररक्षक धावकाच्या वाटेत उभा, हे ऑब्स्ट्रक्शन. फायदा धावकाला. धावकच क्षेत्ररक्षकाच्या आड आला तर इंटरफेरन्स: धावक बाद, चेंडू मृत, म्हणजे खेळ थांबतो. टोलवलेला चेंडू अडवणाऱ्याच्या आड आल्यास हेतू बघत नाहीत. फेकलेल्या चेंडूच्या बाबतीत मात्र मुद्दाम केलेलं असावं लागतं. त्यात क्रिकेटच्या ३७व्या नियमातलं ऑब्स्ट्रक्शन फलंदाजाच्या माथी, म्हणून क्रिकेटवाली मुलं इथे हमखास फसतात.

डिचोली : मग ‘वाट अडवणे’ आणि ‘आड येणे’. क्रियापदं ठेवली की कर्ता विचारावाच लागतो. कोंकणीतलं ‘आडमेळें’ घेऊन सुटका नाही, तेही दोन्हीकडे चालतं.

फोंडा : वाट अडवली की पंच खेळ लगेच थांबवतो का?

म्हापसा : त्याच धावकाला बाद करायची खेळी चालू असेल तर लगेच, आणि धावकाला शेवटी गाठलेल्या बेसच्या (धावकाने क्रमाने गाठायच्या टप्प्याच्या) पुढचा निदान एक बेस मिळतो. एरवी पंच बोट दाखवून ऑब्स्ट्रक्शन पुकारतो, खेळ चालू देतो आणि सगळं थांबल्यावर, वाट अडली नसती तर धावक जिथे पोचला असता, तिथे त्याला पाठवतो.

फोंडा : धावकाच्या वाटेला, ‘बेसपाथ’ला, धावपट्टी?

डिचोली : धावपट्टी दाबोळी आणि मोपाच्या विमानतळांवर! ‘धाववाट’ म्हणा. पण ही वाट मैदानावर आखलेली नसते, आणि नवखे पंच इथेच चुकतात: दोन बेसमधली सरळ रेघ धरून मापतात. टॅग करायला, म्हणजे हातातला चेंडू धावकाला लावायला, कोणी क्षेत्ररक्षक सरसावला, त्या क्षणी धावक जिथे असेल तिथून बेसपर्यंतची सरळ रेषा म्हणजे त्याची वाट. टॅग चुकवायला तिच्यापासून ३ फुटांहून जास्त बाजूला गेला तर बाद. त्याआधी वळसा घेऊन धावला तरी हरकत नाही.

फोंडा : आणि ‘अपील’? ‘दाद मागणे’?

म्हापसा : अपीलच ठेवा, क्रिकेटमुळे रुळलेलं आहे. बेसला पाय न लावता धावक पुढे गेला, तर पंच बघूनही गप्प राहतो. क्षेत्ररक्षकाने चेंडू घेऊन तो बेस किंवा तो धावक टॅग करायचा आणि काय चुकलं ते पंचाला सांगायचं. त्याआधी पुढचा चेंडू टाकला गेला की हक्क संपला. पण मागच्या धावकाने पुढच्याला ओलांडलं तर अपील लागत नाही, मागचा तिथल्या तिथे बाद.