इमारतीच्या फोटोसोबत पदांची यादीही हवी

आमदारांच्या कार्यअहवालात आरोग्य केंद्राची नवी इमारत आणि रुग्णवाहिकेचे फोटो आहेत, त्याचं इथे आधीच्या पोस्टमध्ये कौतुक झालंय. ते योग्यच आहे. पण मला त्या पानावर डॉक्टरांची किती पदं मंजूर आहेत आणि किती भरली आहेत, हेही वाचायचं होतं.

गेल्या भातकापणीला माझ्या चुलतीला फुरसं हा विषारी साप चावला. केंद्र नवंकोरं, फरशी चकचकीत, पण डॉक्टरांच्या खोलीला कुलूप. सिस्टरताईंनी पाय हलू न देता तिला आडवं केलं आणि १०८ला फोन लावला. काकी वाचली ती त्या बाईंच्या प्रसंगावधानामुळे. पुढचा दीड तास मात्र आमचा जीव टांगणीला लागला होता.

आमदार निधीतून इमारत होते, गाडी येते, यंत्रं येतात. कर्मचाऱ्यांचे पगार होत नाहीत. पदं भरणं सरकारचं काम. म्हणूनच आमदारांनी सभागृहात काय विचारलं ते महत्त्वाचं: तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना), आणि त्यावर मंत्र्यांनी दिलेलं उत्तर. हे सगळं अहवालात छापायला अर्धं पान पुरेल.

डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, सपाटीला ३०,०००. आपल्या तालुक्याचा हिशोब त्यात कुठे बसतो? १५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, पण सर्पदंशावरचं इंजेक्शन कपाटात नसेल तर मोफत काय मिळणार? पुढच्या आमसभेत मी हाच प्रश्न लेखी देणार आहे. कुणी सोबत सही करणार असेल तर सांगा.