छोट्या कुत्र्याला अंगावर वागवताना : तुमचे अनुभव सांगा

आमची ठकी चिवाव्हा आहे. वय ९, वजन २.८ किलो, आवाज मात्र तीस किलोचा. तिच्या मागच्या उजव्या पायाची गुडघ्याची वाटी सरकते. लहान जातींमध्ये हे दुखणं नेहमीचंच असं डॉक्टर म्हणाले. चालणं थांबवायचं नाही, पण दमवायचंही नाही. म्हणजे अर्धं फिरणं तिच्या पायांनी आणि अर्धं आमच्या अंगावर.

आतापर्यंत दोन कॅरिअर आणले, दोन्ही फसले. पहिला निव्वळ गोड दिसतो म्हणून घेतला, हे आधीच कबूल करते. तान्ह्या बाळाला छातीशी बांधतात तसला, चार भोकांतून चार पाय बाहेर. फोटो झकास आले. दहा मिनिटांत ठकी थरथरायला लागली. घरी येऊन काढला तर दोन्ही जांघांत लाल रेघा. साहजिक आहे, सगळं वजन पायांमधल्या दोन बोटं रुंद कापडावर आणि दुखरा पाय हवेत लोंबकळतोय. दुसरी पाठीवरची बॅग होती. 'छोट्या कुत्र्यांसाठी' असं लिहिलं होतं, पण ठकी त्यात अशी गडप झाली की बाहेरून नुसते कान दिसायचे. तळ मऊ, त्यामुळे दर पावलाला ती घसरत कोपऱ्यात जायची आणि तिथे तिचं मुटकुळं व्हायचं.

तिसरा घ्यायच्या आधी विचारतेय. माहितीपत्रकांतलं नको, ते मला पाठ झालंय. तुमचं काय चुकलं आणि शेवटी कशात तुमचं कुत्रं निवांत बसलं, ते लिहा.

*

लहान, मध्यम, मोठा ही लेबलं विसरा. एकाचा मध्यम तो दुसऱ्याचा लहान. आम्ही तीनदा बदलून आणल्यावर शहाणे झालो. मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर, आणि वजन. माप घेताना कुत्रं चारही पायांवर उभं हवं. आमच्या हिने बसून माप दिलं आणि आम्ही ते इमानदारीत लिहून घेतलं, त्याची शिक्षा भोगली. वजनाला वेगळा काटा लागत नाही. तिला उचलून तुम्ही काट्यावर उभे राहा, मग एकटे राहा, वजाबाकी करा.

आणखी एक. नवी बॅग आली की आधी कुत्र्याच्या वजनाइतक्या पाण्याच्या बाटल्या आत ठेवून घरातल्या घरात अर्धा तास फिरा. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. तळ खाली लोंबतो का, पट्टा सरकतो का, तुमचा खांदा काय म्हणतो, सगळं कळतं. बाटल्या तक्रार करत नाहीत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

*

आमचा डॅक्सहुंड, नाव पेन्सिल. वर झोळीसारखी स्लिंग कुणी सुचवायच्या आत लिहून टाकतो : लांब पाठीच्या कुत्र्याला ती नको.

आम्ही तीच घेतली होती. मऊ, हलकी, घडी करून खिशात मावणारी. पेन्सिल तिच्यात बसला की पाठीची कमान व्हायची, डोकं एका टोकाला वर, ढुंगण दुसऱ्या टोकाला वर, पोट खाली. त्याला आवडायचंही, झोपून जायचा. लसीकरणाला गेलो तेव्हा तसाच घेऊन गेलो आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा मला झापलं, मग टेबलावर पेन आडवं ठेवून समजावलं. आखूड पाय आणि लांब पाठ असलेल्या जातींत मणक्यांमधल्या चकत्या फार लवकर कडक होतात. दोन मणक्यांमध्ये उशीचं काम करणारी ती चकती फुटली किंवा सरकली तर थेट मज्जारज्जूवर दाब. बहुतेक त्रास ३ ते ७ वर्षांच्या वयात सुरू होतो, आणि पेन्सिल तेव्हा ४ वर्षांचा. कुत्रं बाहेरून ठणठणीत दिसत असतं, म्हणून कुणाला पटत नाही. मलाही पटलं नव्हतं.

तेव्हापासून आमचा नियम एकच, पाठ जमिनीला समांतर. त्यामुळे पाय बाहेर काढून उभं टांगणारे सगळे प्रकार बाद, झोळी बाद, आणि ज्यात त्याला माणसासारखं बसावं लागतं त्या पाठीवरच्या अरुंद बॅगाही बाद. आम्ही आडवी, खांद्याला तिरकी अडकवायची बॅग घेतली. तिच्या तळाशी काढता-घालता येणारी कडक फळी आहे. लांबी त्याच्यापेक्षा चार बोटं जास्त. आत तो पसरून झोपतो.

उचलतानाही एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. काखेत धरून उचलायचं नाही. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे सांगावं लागतं आणि प्रत्येक पाहुणा काखेतच धरतो.

*

पगवाल्यांनी माझं वाचा. आमचा ढब्बू, ८ किलो. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धाप टाकूनसुद्धा नीट गार होता येत नाही, आणि कुत्र्याकडे गार व्हायला दुसरा मोठा मार्गच नाही. घाम येतो तो जेमतेम पंजांना.

मी घेतली होती ती पाठीवरची पारदर्शक घुमटवाली. अंतराळवीर दिसायचा अगदी. लोक थांबून बघायचे, मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. ऊन फारसं नव्हतं. वीसेक मिनिटांनी पाठीमागून घोरल्यासारखा आवाज यायला लागला. मला वाटलं झोपला. तो घोरतोच. उतरवून पाहिलं तर जीभ गडद लाल, लाळ घट्ट, डोळे तारवटलेले. प्लास्टिकच्या घुमटातून ऊन आत शिरतं आणि गरम हवा बाहेर पडत नाही, शिवाय माझ्या पाठीची ऊब वेगळीच. तिथेच त्याच्यावर पाणी ओतलं, टोपीने वारा घातला आणि मग दवाखान्यात पळालो. डॉक्टर म्हणाले, हा क्रम बरोबर होता, आधी गार करायला लागा आणि मग आणा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस. ४१ च्या वर गेलं की जिवाशी खेळ. ढब्बू ४०.६ वर होता.

घुमट फेकून दिला. आता तीन बाजूंनी जाळी असलेली बॅग आहे, तीही फक्त सकाळी लवकर. दर पाच-सात मिनिटांनी आत हात घालून बघतो. आणि घोरण्याचा आवाज आला की थांबतो. नेहमी थांबतो.

*

बुटाची नाडी बांधायला वाकले आणि गुंडी (पॉमेरेनियन, ३ किलो) समोरच्या बॅगेतून डोक्यावर घसरली. आत सुरक्षेचा छोटा पट्टा होता, मी तो लावलाही होता, पण गळ्यातल्या पट्ट्याला! क्षणभर ती गळ्यावर लोंबकळली. मी झेललं म्हणून वाचली. तो पट्टा छातीभोवती बांधायच्या हार्नेसलाच लावायचा, गळ्याला कधीही नाही. पॉम, यॉर्की, चिवाव्हा यांची श्वासनलिका आधीच नाजूक असते, बदकासारखा खोकला काढणारी कुत्री पाहिली असतील तुम्ही. पट्ट्याची लांबी एवढीच ठेवा की आत बसता-झोपता येईल, पण काठावरून उडी मारता येणार नाही. आणि वाकायचं ते गुडघ्यांतून, कमरेतून नाही.

केसाळ कुत्रं असेल तर बॅगेच्या चेनला (झिपला) आतून झाकणारी पट्टी आहे का तेही बघा. गुंडीचे केस दोनदा अडकलेत. काखेत कापड घासून गुंते होतात ते वेगळेच, परत आलं की विंचरायचं.

*

कुत्र्याचं सगळं झालं, माणसाचं कोण बोलणार? साडेपाच किलोचा शिह त्झू एका खांद्यावर घेऊन मी सहा महिने फिरलो. बक्षीस : आखडलेली मान. एका खांद्याची बॅग तीन किलोपर्यंत ठीक, तीही खांदा बदलत. त्यापुढे दोन रुंद पट्टे, छातीवरून जोडणारी पट्टी आणि कमरेचा पट्टा हवाच, म्हणजे ओझं खांद्यांवरून कमरेवर उतरतं. कुत्रं अंगाला जितकं चिकटून आणि जितकं उंच, तितकं हलकं वाटतं. छातीवरच्या बॅगेत जिना उतरताना स्वतःचे पाय दिसत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा. मी कठड्याला धरतो.

*

पिल्लू असेल तर माझं मत उलट आहे, झोळीच छान. लसी पूर्ण होईपर्यंत जमिनीवर सोडायचं नाही, आणि जगाची ओळख होण्याचं वय तर तेच, साधारण ३ ते १४ आठवडे. झोळीतून त्याने गाड्या, छत्र्या, लहान मुलं, सगळं पाहिलं. पेन्सिलच्या बाबांचं पटतं, पण आमचं पिल्लू पूडल आहे आणि फेरी पंधरा मिनिटांची. फक्त तोंडावर कापड येऊ देऊ नका.

*

बॅग कितीही चांगली आणा, कुत्र्याला ती पिंजरा वाटली तर संपलं. आमची राणी आधीच्या घरातून आमच्याकडे आली तेव्हा तिला कशातही कोंबलेलं चालायचं नाही. आम्ही पहिल्याच दिवशी आत बसवून बॅगेची चेन लावली आणि महिनाभराचं काम वाढवून ठेवलं.

मग बॅग आडवी करून जमिनीवर ठेवली, आत तिची जुनी चादर. काही बोललो नाही. चौथ्या दिवशी डोकं आत गेलं. खाऊ आत टाकायचा, ती खाऊन बाहेर येणार, येऊ द्यायचं. नंतर आत बसल्यावर चेन अर्धी, मग पूर्ण, मग उचलून लगेच खाली. उचलून दोन पावलं. मग दारापर्यंत. जांभया, ओठ चाटणं, डोळ्यांचं पांढरं दिसणं, कान मागे, यातलं काही दिसलं की एक पायरी मागे. लोकांना जांभई म्हणजे झोप वाटते. बॅगेतल्या कुत्र्याची जांभई बहुधा झोपेची नसते. पाच आठवडे लागले. जेवणानंतर लगेच मात्र बसवत नाही, दोनदा उलटी झाली आहे.

*

गाडीत बसताना कुत्रं छातीवर बांधलेलं ठेवू नका, एवढंच सांगायला लिहितोय. अंगावरची बॅग हा गाडीतला सुरक्षा पट्टा नाही. धक्का बसला तर समोरची एअरबॅग आणि तुम्ही यांच्यामध्ये ते असेल. मागच्या सीटवर वेगळी सोय करा.

*

आमचा बाळू १५ वर्षांचा होता, हृदयाची झडप गळकी. शेवटचं दीड वर्ष तो बॅगेत फिरला. त्याच्यासाठी मी बघितलं ते बाकी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते : तळ धुता येतो का. म्हातारं कुत्रं आत शू करतं आणि मग ओशाळतं. फळीवर पाणी न शोषणारं आवरण, त्यावर जुना टॉवेल, आणि दोन टॉवेल जास्तीचे. आणि बॅगेची बाजू उघडणारी हवी, वरून आत सोडायची नको. त्याला स्वतः चालत आत जाता यायचं. दर अर्ध्या तासाने बाहेर काढून पाय मोकळे करायचो. कोपऱ्यावरच्या झाडाशी तो स्वतःच हलायला लागायचा, उतरव म्हणून. तिथे तीन मिनिटं वास घ्यायचा. मग परत आत.

*

ठकीकडून अहवाल. आडवी बॅग आणली, कडक तळाची, बाजूने उघडणारी, दोन बाजूंना जाळी. तीन बाटल्या घालून घरभर फिरले, शेजाऱ्यांनी काय विचार केला असेल देव जाणे. आज सातवा दिवस. बॅग जमिनीवर आहे, दार उघडं. ठकीने आतली चादर ओढून बाहेर काढली आणि बॅगेला टेकून तिच्यावर झोपली आहे.