नावाजलेल्या कॉलेजच्या डिग्रीने पुढे काय दिलं? अनुभव सांगा

मुलगी बारावी सायन्सला, राहायला ठाणे वेस्ट. इंजिनिअरिंगची सीईटी (प्रवेश परीक्षा) झाल्यापासून घरात, बिल्डिंगमध्ये, क्लासच्या पालकांत एकच विषय, कुठलं कॉलेज मिळणार. तिची झोप उडालेली बघवत नाही. म्हणून विचारतेय, मोठ्या नावाच्या डिग्रीचा प्रत्यक्षात किती उपयोग झाला? नसेल तर कुठे अडलं? ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

माजिवडेकर
व्हीजेटीआय, मुंबईतलं नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज, ब्रँच मेकॅनिकल. खरं सांगतो, उपयोग झाला. चांगल्या कंपन्या कॅम्पसला येतात, आपल्याला दारोदार फिरावं लागत नाही, आणि सिनियर जगभर पसरलेत, एका मेसेजवर बोलतात. आणि आजूबाजूची पोरं इतकी हुशार की आपोआप अभ्यासाला बसतो, ही गोष्ट कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते. पण दुसऱ्या नोकरीपासून कॉलेज कुणी विचारलं नाही, काय काम केलंय तेच विचारलं.

नेरुळची मी
माझं उलटं. नवी मुंबईतलं साधं प्रायव्हेट कॉलेज, आयटी. मार्क चांगले होते तरी बऱ्याच ठिकाणी अर्जाला उत्तरच नाही, नंतर कळलं की फ्रेशर्सना ठरावीक कॉलेजमधूनच घेतात. तेव्हा फार रडले. शेवटी ऐरोलीत सपोर्टची नोकरी धरली, नाइट शिफ्ट करत कोडिंग पक्कं केलं, आता मीच इंटरव्ह्यू घेते आणि रेझ्युमेवरचं कॉलेजचं नाव शेवटी वाचते. नाव नसेल तर पहिली दोन-तीन वर्षं जड जातात, हे मुलांपासून लपवू नका, पण तिथे सगळं संपतही नाही.

कळव्याची आई
आमच्या नातेवाइकांना पर्सेंटाइल आणि टक्के यातला फरक समजावता समजावता मी थकले. मुलाला 94 पर्सेंटाइल, म्हणजे 100 पैकी 94 मुलं त्याच्या बरोबरीला किंवा मागे. परीक्षेला लाखांनी मुलं बसतात, त्यामुळे एका पर्सेंटाइलमध्ये हजारो पोरं येतात. "फक्त 94?" हे त्याच्या तोंडावर बोलणाऱ्यांना मी सरळ थांबवलं. पोरगं जेवेनासं झालं होतं हो.

खारघर सेक्टर 12
मुलीच्या बाबतीत ब्रँच की कॉलेज यावर घरात महिनाभर वाद. मोठ्या कॉलेजला सिव्हिल मिळत होतं, तिला कॉम्प्युटर हवं होतं. तिचं ऐकलं, घराजवळचं कॉलेज घेतलं, आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि आनंदात आहे. फीचंही बघा, 2024-25 पासून घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे, पण कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून ॲडमिशन असेल तरच, मॅनेजमेंट कोट्याला नाही.

रबाळे_केमिस्ट
इंजिनिअरिंग नाहीच, बीएस्सी केमिस्ट्री, ठाण्यातच. एमआयडीसीत लॅबला लागलो, नोकरी करत एमएस्सी केलं, आज क्वालिटीचं अख्खं डिपार्टमेंट बघतो. या रस्त्याचं नाव पालकांच्या तोंडी येतच नाही याचं वाईट वाटतं.

माजिवडेकर
ताई, एक राहिलं. कॅपला कॉलेज-ब्रँचचा पसंतीक्रम भरताना पहिल्या नंबरवर तेच टाका जे तिला मनापासून हवंय. पहिल्या राऊंडला पहिलाच ऑप्शन लागला की ऑटोफ्रीज होतं, म्हणजे तीच सीट पक्की, मग पुढच्या राऊंडला बदलता येत नाही. यादी तिलाच बनवू द्या.